अंक अख्खाच ठेवा

जुनी वृत्तसाप्ताहिके जमवणे आणि टिकवणे या विषयावर बडोद्याच्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

वडिलांनी पोटमाळ्यावर ‘माणूस’, ‘धर्मयुग’ आणि ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे अडीचशेएक अंक ठेवले आहेत. घर लहान आहे. महत्त्वाचे लेख कापून फाइलला लावावेत आणि बाकी पस्तीत (रद्दीत) द्यावे, असा विचार आहे. लेख कसे निवडावेत? (दांडिया बाजार)

कात्री लावू नका, ही पहिली विनंती. तुम्हाला आज जो लेख महत्त्वाचा वाटतो तो बहुधा नामवंत लेखकाचा असणार, आणि तो कुठल्या ना कुठल्या संग्रहात पुस्तकरूपाने आलेला असण्याची शक्यता मोठी. जे पुस्तकात कधीच येत नाही ते कात्रणाच्या मागच्या बाजूला असते: वाचकांची पत्रे, साबणाची आणि सायकलची जाहिरात, नोकरीच्या जागा, कोपऱ्यातली चार ओळींची बातमी. लेख कापला की हे सगळे मधोमध चिरले जाते.

दुसरे कारण याहून मोठे. ३ डिसेंबर १९७१ ला सुरू झालेले युद्ध १६ डिसेंबरला संपले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या तेरा दिवसांत छापायला गेलेल्या अंकाला ते ठाऊक नव्हते. त्यातली भीती, चुकलेले अंदाज, उगाच वाढवलेली आणि उगाच दुर्लक्षिलेली नावे, हे सगळे त्या आठवड्याचे खरे रूप आहे. इतिहासाचे पुस्तक शेवट माहीत असलेल्या माणसाने लिहिलेले असते, साप्ताहिक तसे नसते. म्हणून जपण्याचे एकक लेख नव्हे, अख्खा अंक.

जागेचा हिशेब तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. चाळीस-पन्नास पानांचा अंक तीन-चार मिलिमीटर जाड असतो. अडीचशे अंकांचा एकूण ढीग ७५ ते १०० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकी २५ सेंटिमीटरचे चार ढीग. ते एका पलंगाखाली मावतात, फक्त जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवा. अंक आडवेच ठेवावेत. उभे ठेवले की मधली पिन वजन पेलते आणि पाने पिनेपाशी फाटतात. २५ सेंटिमीटरपेक्षा उंच ढीग केला तर खालचे अंक दबून कण्याशी मोडतात.

पोटमाळ्यावरून मात्र आधी उतरवा. पत्र्याखाली किंवा कौलाखाली उन्हाळ्यात होणारी उष्णता हा त्यांचा सर्वांत मोठा शत्रू. वृत्तपत्री कागद लाकडाचा लगदा नुसता दळून करतात, त्यातले लिग्निन काढलेले नसते. प्रकाशात लिग्निन पिवळे पडते, आणि कागदात तयार होणारे आम्ल तंतू तोडत जाते. उष्णतेत हे दोन्ही वेगाने होते. पान दुमडल्यावर तुटत असेल तर ते काम बरेच पुढे गेले आहे असे समजा, आणि त्या अंकाची पाने यापुढे पूर्ण उघडून सपाट दाबू नका.

आवरण म्हणून आठ-दहा अंकांचा गठ्ठा धुतलेल्या मांजरपाटात, पोथी बासनात बांधतो तसा बांधावा. कापड आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा, नाहीतर कसर खळीसाठी येते आणि कागद खाऊन जाते. प्लॅस्टिकची पिशवीच हवी असेल तर पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. नव्या रेनकोटसारखा वास येणारे मऊ प्लॅस्टिक पीव्हीसी असते. ते काही वर्षांत चिकट होऊन मुखपृष्ठाची शाई ओढून घेते.

आणखी एक. मराठी घरांत दिवाळी अंक जपले गेले आणि साप्ताहिके रद्दीत गेली. त्यामुळे आज एखाद्या वर्षाचा दिवाळी अंक मिळतो, पण त्याच वर्षाच्या जूनमधला साधा अंक मिळत नाही. तुमच्याकडचे साधे अंक म्हणूनच मोलाचे आहेत. काही द्यायचेच असतील तर दुबार प्रती द्या, किंवा एखादे सलग वर्ष पुरे ग्रंथालयाला द्या. सलग वर्ष फोडू नका.

मुखपृष्ठ आणि शेवटचे पान नसलेला एक मराठी अंक शुक्रवारी बाजारात मिळाला. तो कधीचा हे कसे शोधावे? (मांडवी)

आधी आतल्या पानांच्या माथ्यावर किंवा तळाशी तारीख आहे का ते पाहा. पुष्कळ साप्ताहिके ती छापत. नियतकालिकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे १८६७ च्या कायद्यापासून सक्तीचे होते. ती ओळ बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी असते, तुमच्या अंकात ते पानच गेले. पण काही जण ती अनुक्रमणिकेखालीही देत, तेव्हा तिथेही शोधा.

ते नसेल तर जाहिरातींकडे वळा. किमती आण्यांत असतील तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, किंवा त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतला, कारण आणे लोकांच्या तोंडी आणखी काही काळ राहिले. ‘न. पै.’ म्हणजे नये पैसे असतील तर १ एप्रिल १९५७ ते जून १९६४ च्या सुमाराचा. १ जून १९६४ ला ‘नये’ गेले आणि नुसते पैसे राहिले. तूप आणि धान्य शेरांत की किलोत, तेही पाहा. मेट्रिक मापे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. सराफाच्या जाहिरातीत १४ कॅरेटचा उल्लेख असला तर १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाच्या (१४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवण्यावरच्या बंदीच्या) नंतरचा काळ. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असूच शकत नाही. बडोद्याचा उल्लेख संस्थान म्हणून आहे की मुंबई राज्यातला जिल्हा म्हणून, यावरूनही १ मे १९४९ आणि १ मे १९६० या दोन सीमा हाती लागतात.

एक सावधगिरी. एखादी खूण असणे हा पुरावा आहे, नसणे हा नाही. पिनकोड आल्यावरही कित्येक दुकानदार जाहिरातीचा जुनाच ब्लॉक (छपाईचा ठसा) वर्षानुवर्षे छापत राहिले. म्हणून ‘याच्या आधीचा नाही’ हे नि:शंक म्हणता येते, ‘याच्या नंतरचा नाही’ हे जपून म्हणावे.

शेवटी वार आणि तारीख. समजा आत कुठे ‘रविवार, ९ मार्च’ असा कार्यक्रम दिलेला आहे. १९५० ते १९७० या काळात ९ मार्चला रविवार फक्त १९५२, १९५८ आणि १९६९ मध्ये येतो. त्याच अंकात न. पै. मधली किंमत असेल तर १९५८ जवळजवळ नक्की झाले. तिथी दिली असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून खात्री करता येते. मग मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जे जाळे उभे केले, त्याचे हे मुख्य ठिकाण. त्या साप्ताहिकाची बांधीव फाइल निघाली तर हरवलेल्या पानांचे छायाचित्रही मिळू शकेल.

सापडलेली तारीख अंकावर पेनाने लिहू नका. मऊ शिसपेन्सिलीने, आतल्या समासात, चौकटी कंसात लिहा. कंसाचा अर्थ ही तारीख छापलेली नसून शोधलेली आहे.

चांद्रविजयाचा म्हणून ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाचा २५ जुलै १९६९ चा अंक घेतला. मुखपृष्ठावर आर्मस्ट्राँग आहे, पण आत चंद्रावरचे एकही छायाचित्र नाही. फसवणूक झाली का? (रावपुरा)

नाही, अंक खरा आहे. त्या मुखपृष्ठावर चंद्राकडे निघाल्याचे लिहिलेले आहे, पोहोचल्याचे नाही. अपोलो ११ चे उड्डाण १६ जुलैला झाले. माणसाचे पाऊल चंद्रावर पडले तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती. पण तिथे काढलेल्या फिल्म अंतराळवीरांबरोबरच परतल्या आणि यान समुद्रात उतरले २४ जुलैला. २५ तारखेच्या अंकात त्या येणारच कशा? तुम्हाला हवी ती छायाचित्रे ८ ऑगस्ट १९६९ च्या अंकात आहेत.

यातून एक सवय लावून घ्या. मुखपृष्ठावरची तारीख ही घटनेची तारीख नसते, आणि पुष्कळदा अंक बाजारात आला त्या दिवसाचीही नसते. घटनेचा अंक हवा तर त्या तारखेनंतरचे लागोपाठ तीन अंक पाहावेत. नोंदवहीत दोन रकाने ठेवावेत, एक छापील तारखेचा आणि दुसरा अंकातली सर्वांत उशिराची बातमी कोणत्या दिवसाची आहे त्याचा. वर्ष व अंक क्रमांक, पाने किती आणि कोणती नाहीत, हेही तिथेच लिहा. आणि २५ जुलैचा अंक परत करू नका. पाऊल पडण्याआधीचा श्वास रोखलेला आठवडा त्यातच आहे.

पुराच्या पाण्यात तळमजल्यावरची ट्रंक भिजली. ‘लाइफ’ आणि ‘सोव्हिएत देश’ यांचे अंक वाळल्यावर विटेसारखे झाले आहेत. साध्या कागदाचे अंक उघडतात, हे उघडत नाहीत. (सयाजीगंज आणि फतेगंज, दोन पत्रे)

२०२४ च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्रीच्या पुरानंतर असे नुकसान अनेक घरांत झाले. कारण कागदात आहे. गुळगुळीत, चकचकीत कागदावर बारीक मातीचा आणि डिंकासारख्या पदार्थाचा थर असतो. भिजल्यावर तो मऊ होतो आणि पाने एकमेकांना चिकटून वाळली की सिमेंटसारखा धरतो. न्यूजप्रिंटवर हा थर नसतो, म्हणून ते अंक उघडले.

वाळून वीट झालेला अंक उघडण्याचा भरवशाचा घरगुती उपाय नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. वाफ देऊन किंवा पुन्हा भिजवून ओढले की छापील थर पलीकडच्या पानाला जातो. मुखपृष्ठ आणि बाहेरची दोन-चार पाने बोथट पातळ सुरीने कोपऱ्याकडून सुटतात का पाहा, सुटली नाहीत तर थांबा.

पुढच्या वेळेसाठी मात्र हे पाठ करा. बडोद्यातल्या पावसाळी हवेत ४८ तासांच्या आत बुरशी धरते, तेव्हा पहिले दोन दिवस निर्णायक. ओले अंक उघडू नका आणि चिखल घासू नका. स्वच्छ पाण्याच्या घमेल्यात बंद अंक हलकेच बुडवून चिखल सुटू द्या. मग ज्यांना लगेच हात लावता येणार नाही ते अंक एकेक करून प्लॅस्टिक पिशवीत घाला, कणा खाली करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही आणि पाने चिकटण्याचे थांबते. अनेक आठवडे राहिले तरी चालते. आइसक्रीमवाल्याचा किंवा डेअरीवाल्याचा फ्रीझर अशा वेळी मागून घ्यावा.

मग एका वेळी चार-पाच अंक बाहेर काढा. साध्या कागदाच्या अंकात दर दहा पानांमागे टीपकागद किंवा छपाई न झालेला कोरा न्यूजप्रिंट घाला आणि पहिल्या दिवशी तो दर तीन-चार तासांनी बदला. कालचे वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई ओल्या पानावर उमटते. चकचकीत अंकात मात्र प्रत्येक पानामध्ये बेकिंगचा सिलिकॉन कागद जायलाच हवा, आणि तोही पाने ओली असतानाच. एक पान राहिले की ते पान गेले. खोलीत पंखा फिरता ठेवा, पण झोत थेट अंकावर नको. उन्हात वाळवू नका, पाने वाकडी होतात आणि रंग उडतो. जवळजवळ कोरडे झाल्यावर दोन फळ्यांमध्ये वजन ठेवून आठवडाभर दाबा.

बुरशी दिसली तर ती पूर्ण वाळेपर्यंत पुसू नका, ओली पुसली की आत जिरते. वाळल्यावर गच्चीत, एन-९५ मास्क लावून, मऊ रुंद ब्रशने स्वतःपासून दूर झाडा. दमा असलेल्याने हे काम करू नये.

पिना गंजल्या आहेत आणि फाटलेल्या पानांना जुनी सेलोटेप आहे. काय करावे? (वाडी)

पिना काढाव्यात, कारण गंज कागदात पसरतो आणि भोवतीचे पान भुसभुशीत होते. अंक मधल्या पानावर उघडा. पिनेच्या दुमडलेल्या टोकाखाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि पट्टीवर टेकवून बोथट सुरीने टोक उभे करा. दोन्ही टोके सरळ झाल्यावर पिन बाहेरच्या बाजूने ओढा. पिन काढायचे चिमट्यासारखे यंत्र वापरलेत तर कण्याचा तुकडा हातात येईल. नंतर पांढऱ्या सुती दोऱ्याचा वीतभर तुकडा त्याच दोन भोकांतून आतून बाहेर, बाहेरून आत घ्या आणि आत सैलसर गाठ मारा. घट्ट ओढलेला दोरा पान कापतो. गंजाच्या डागाला लिंबू लावू नका. डाग फिकट होतो, आम्ल तिथेच राहते.

सेलोटेपची पट्टी आपोआप सुटून फक्त पिवळा चिकट पट्टा उरला असेल तर तो तसाच राहू द्या, पाने चिकटू नयेत म्हणून मध्ये सिलिकॉन कागद ठेवा. घट्ट बसलेली टेप ओढू नका.

नवी फाट जोडायला चौरस मीटरला ९ ते १२ ग्रॅम वजनाचा जपानी टिश्यू कागद आणि गव्हाची खळ लागते. कुरडयांसाठी काढतो तोच चीक, पण मीठ-हिंग न घालता. एक भाग घट्ट चिकाला पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसेक मिनिटे सतत हलवत पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि गाळून घ्या. मैद्याची खळ करू नका, त्यातल्या चिवट भागाला किडे लागतात. टिश्यूची पट्टी कापू नका, हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहून धरतात. खळ ताकाइतकी पातळ करून पट्टीला अगदी थोडी लावा. जास्त पाण्याने न्यूजप्रिंटवर तपकिरी कड उमटते. वर सिलिकॉन कागद, त्यावर टीपकागद आणि किलोभर वजन, रात्रभर.

वर्षाचे अंक एकत्र बाइंड करून घेतले तर? (कारेलीबाग)

नको. बाइंडर कडा सारख्या करायला तिन्ही बाजू कापतो, त्यात पानांचे क्रमांक आणि समासातला मजकूर जातो. आडवे टाके घातले की मधल्या जोडपानावरचे छायाचित्र कण्यात गडप होते. शिवाय खळीला कीड लागू नये म्हणून ती मोरचूद घालून करण्याची रीत आहे, आणि तांब्याचे क्षार कागदाचा नाश वाढवतात. आधीच बांधलेला खंड असेल तर मात्र तो सोडवू नका.

डांबरगोळ्या ठेवाव्यात का? (तीन पत्रे)

बंद खोलीत माणसांसाठीच त्या चांगल्या नाहीत, आणि बुरशीवर त्यांचा उपयोग नाही. वेखंडाची जाड पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला टेकू देऊ नका, दर पावसाळ्याआधी बदला. वेखंडापेक्षाही उपयोगी पडते ते महिन्यातून एकदा खोके उघडून पाहणे. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला की पंखा लावा आणि भिंतीला टेकलेली खोकी चार बोटे पुढे ओढा. वाळवीची मातीची रेघ भिंतीवर दिसली तर अंक लगेच दुसऱ्या खोलीत न्या आणि मग भिंतीचा बंदोबस्त करा, उलट क्रमाने नको.

गाजलेल्या अंकाची प्रत अस्सल की नंतरची प्रतिकृती, हे कसे ओळखावे? (अलकापुरी)

दहापट भिंग घ्या आणि अक्षरांच्या कडा पाहा. खिळ्यांच्या छपाईत कडा सलग असतात, पाठीमागे बोट फिरवले तर दाब जाणवतो. छापील अंकावरून स्कॅन करून केलेल्या प्रतिकृतीत पुष्कळदा अक्षरेही ठिपक्यांची आणि दातेरी दिसतात. पण ‘वीकली’ आणि ‘धर्मयुग’ यांना ही कसोटी लावू नका. ती ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे बारीक खळगे कोरलेल्या रुळावरून, छापली जात आणि ग्रॅव्ह्युअरमध्ये अस्सल अक्षरेही दातेरीच येतात. तिथे कागद पाहा. जुना कागद कडेला गडद आणि आत फिकट असतो, चहाच्या पाण्यात रंगवलेला सगळीकडे सारखा.

भावाबद्दल एवढेच: साठच्या दशकात ‘लाइफ’च्या आठवड्याला सत्तर लाखांवर प्रती निघत, त्यामुळे ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी भाव चढवला तर देऊ नका. ‘लाइफ’चे सबंध अंक गूगल बुक्सवर फुकट वाचता येतात. तालुक्याच्या गावी निघणारे, काही शे प्रतींचे मराठी साप्ताहिक पस्तीवाल्याकडे दिसले तर ते आधी उचला.

अंक स्कॅन करून ठेवताना काय पाहावे? इतरांसाठी इंटरनेटवर टाकता येतील का? (गोत्री)

काळीपांढरी पानेही रंगीत, ४०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पानामागे काळा कागद ठेवा, म्हणजे पलीकडचा मजकूर झिरपून दिसत नाही. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग साप्ताहिक आणि पान क्रमांक द्या. कोरी पाने आणि जाहिराती गाळू नका. स्कॅनरवर न मावणारा मोठा अंक झाकण दाबून सपाट करू नका, फोन वरून अडकवून खिडकीच्या उजेडात छायाचित्र घ्या.

स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवायला हरकत नाही. इंटरनेटवर टाकायचे असेल तर नाव असलेल्या लेखाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, निनावी मजकुराचा प्रकाशनापासून ६० वर्षे. म्हणजे १९५८ च्या एकाच अंकातले संपादकीय मोकळे आणि शेजारची कथा अजून बांधलेली, असे होऊ शकते. अशा वेळी मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचा तुमच्या शब्दांतला तपशील टाका. कुठला अंक कुणाकडे आहे हे कळले तरी शोधणाऱ्याचे अर्धे काम होते.